बाबाला घातलेली मनाई

आयर्लंडच्या जुन्या दंतकथांमध्ये वीरांना एकेक मनाई असते. कुणी कुत्र्याचं मांस खायचं नाही, कुणी सूर्य उगवल्यावर अंथरुणात असायचं नाही. मनाई मोडली की वीर गेलाच म्हणून समजा. तसल्या कथांचं एक जाडजूड पुस्तक नवऱ्यानं कुठून तरी पैदा केलं होतं. रोज संध्याकाळी तो थोरलीला त्यातलं वाचून दाखवायचा. ती सहा वर्षांची. लगेच घरभर मनाया वाटत सुटली.

"आई, तू उभ्यानं चहा प्यायचा नाही."

"म्हणजे माझा चहा सुटलाच."

"आणि मला भांडी घासायची मनाई," नवरा म्हणाला.

"असली चालत नाही, बाबा. तू गोष्ट अर्धी टाकून उठायचं नाही."

तो रस्त्यावरचे दिवे दुरुस्त करायचा. एका संध्याकाळी गोष्ट ऐन रंगात आली असताना फोन आला, चौकातला दिवा गेला होता. पान दुमडून "आलोच" म्हणत तो निघाला. शिडीवरच त्याचं हृदय थांबलं.

त्यानंतर थोरलीनं पुस्तकाचं नाव काढलं नाही. मला वाटलं, बाबाची आठवण सोसत नसेल.

गेल्या आठवड्यात धाकट्याला कडेवर घेऊन ओट्यापाशी चहाचा घोट घेतला, तर ती धावत आली आणि तिनं कपच हिसकावला. चहा तिच्या हातावर सांडला. कोमट होता म्हणून निभावलं.

"वेड लागलंय का तुला?"

"तू बस ना आई. आधी बस."

मी बसल्यावर ती रडायला लागली. हुंदके देत देत सगळं बाहेर आलं. बाबा गोष्ट अर्धी टाकून उठला होता. आणि ती मनाई हिनंच घातली होती.

मी परोपरीनं समजावलं. डॉक्टर जे म्हणाले ते सोपं करून सांगितलं. तिनं मान हलवली, पाहुण्यांसमोर हलवते तशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला समोर बसवलं आणि कपभर चहा मी उभ्यानं, सावकाश संपवला. तिनं माझा पदर मुठीत घट्ट धरला होता.

ती शाळेत गेली नाही. मी कपडे वाळत घातले, धाकट्याला न्हाऊ घातलं. ही आपली मागे मागे. दुपारी जरा डोळा लागला, तर माझ्या नाकाशी बोट धरून बसलेली.

संध्याकाळी तिनं विचारलं, "छातीत काही होतंय?"

"छे. पोटात कावळे ओरडतायत तेवढंच."

ती हसली. कित्येक दिवसांनी. मांडीवर येऊन बसली, अंग सैल सोडलं. सुटलो एकदाचे, असं मला वाटलं.

"म्हणजे मनाई खोटीच असते."

"खोटीच, बाळा."

तिनं माझ्या पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"मग बाबा का गेला?"

डॉक्टरांचं सगळं तिला आदल्या दिवशीच सांगून झालं होतं. पाळण्यात धाकटा कुरकुरायला लागला. आम्ही दोघीही उठलो नाही.