शेवंती आत्याचा अंगठा

भाईंदरच्या मासळी बाजारात रविवारी जेवढी भांडणं होतात, त्यांत पहिला नंबर आमच्या शेवंती आत्याचा. त्या रविवारी तिच्या समोर झा शेठ उभे होते. स्वतःच्या मेडिकलात काचेमागे ते अगदी गरीब गाय असतात, पण पापलेट दिसलं की त्यांचा वाघ होतो. त्यांनी कल्ले उचलून बघितले, पोट दाबलं, दोनदा निघून गेल्यासारखं केलं, आणि शेवटी आत्याने सांगितलेल्या भावाच्या निम्म्यावर जोडी पिशवीत टाकली.

"घे मेल्या," आत्या म्हणाली, "तुज्या पोराबालांकडं बघून देते."

पोरंबाळं दरभंग्याला. आत्याने त्यांना कधी पाहिलेलं नाही.

मी रुचिता, दहावीत आहे. रविवारी उत्तनहून आत्याबरोबर जाते, कारण अभ्यासाचं वर्ष असलं तरी पाटी उचलायला मान मोकळीच असते, असं बाबांचं मत. बाजार उठला की आमची वरात झा शेठच्याच दुकानात. आत्याला शुगर आहे, आणि शुगरला एकटं वाटू नये म्हणून सोबत बीपी. झा शेठनी पाकिटं ठेवली, आकडा सांगितला. आणि कोथिंबिरीच्या एका काडीवरून भाजीवाल्याला रडवणाऱ्या माझ्या आत्याने कमरेची पिशवी सोडून निमूट पैसे दिले. पापलेटाचे सगळे, वर बोंबलाचे थोडे. म्हणजे मासा झा शेठकडे, माशाचे पैसेही झा शेठकडे. आत्याकडे उरला वितळलेला बर्फ.

तिला बोलून उपयोग नाही. औषदाचा भाव केला का गुन जातो, हा तिच्या आईपासून आलेला कायदा. आई भगताकडून झाडपाला आणायची, तेव्हा उंबऱ्यावर नारळ ठेवायची आणि तोंडातून शब्द न काढता परत यायची. भगत मेला, झाडांच्या जागी टॉवर उभे राहिले, नारळाच्या जागी नोटा आल्या. रीत मात्र ठणठणीत आहे, तिला शुगरबिगर काही झालेलं नाही.

पण रीत पाळायची तर पैसे लागतात. म्हणून आत्याने आपलं शास्त्र काढलं. मासळी खपली त्या दिवशी गोळी, नाही खपली त्या दिवशी नाही. पावसाळ्यात मासेमारीची बंदी लागली, बोटी किनाऱ्याला ओढून शाकारल्या, तेव्हा आत्याने आपली शुगरपण शाकारून ठेवली. दर्या बंद, गोळी बंद. शुगरला मात्र बंदीचा हुकूम कोणी कळवला नव्हता.

गणपतीत तिच्या उजव्या पायाच्या अंगठ्यात शिंगाळा माशाचा काटा घुसला. असे काटे तिला जन्मभर लागलेत, हळद दाबली की झालं. हा काही बरा होईना. अंगठा वांग्यासारखा जांभळा झाला, तेव्हा बाबांनी तिला उचलून डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी शुगर बघितली आणि सरळ सांगितलं की आजपासून गोळी रोज, नाहीतर दिवाळीच्या आत अंगठा काढावा लागेल.

आत्या घरी येऊन ओट्यावर बसली आणि पाय पुढे करून मला म्हणाली, "याच अंगठ्यानं मी कोयता दाबून धरते गो. यो गेला तर मासा कापू कशानं?"

न कापलेला मासा सिल्व्हर पार्कच्या सोसायट्यांमधली गिऱ्हाइकं घेत नाहीत. त्यांना तुकडे लागतात, तेही डोकं वगळून.

मग आख्खी आळी डॉक्टर झाली. कोणी कारलं सांगितलं, कोणी जांभळाची बी. बाबा म्हणाले मेथी भिजव. सल्ले फुकट होते, म्हणून आत्या ते रोज घेत होती. गोळी मात्र एक दिवसाआड.

मी तिचं पाकीट घेऊन बसले. वर कंपनीने ठेवलेलं मोठ्ठं नाव, खाली मुंगीएवढ्या अक्षरात औषधाचं खरं नाव. शेजारच्या उर्मिलाकाकींनाही शुगर आहे. त्यांच्या पाकिटावर मोठं नाव वेगळं, पण मुंग्या त्याच आणि मिलिग्रॅमचा आकडाही तोच. किंमत मात्र पाव.

पुढच्या रविवारी झा शेठनी पाकीट ठेवलं, तसं मी विचारलं, "अंकल, यही दवा दूसरी कंपनी की सस्ती मिलती है क्या?"

आत्याने मला असा चिमटा काढला की माझी शुगर खाली आली असती.

"मिलती है ना," झा शेठ एकदम गोड बोलले. "नीचे के खाने में रखी है. डॉक्टर से लिखवा लाओ, दे दूँगा."

"तो इतने साल बताया क्यों नहीं?"

"मावशी ने कभी पूछा ही नहीं."

आत्या दुकानाच्या पायरीवर तशीच उभी राहिली. मला वाटलं आता बाजार भरतो. पण ती हळू आवाजात म्हणाली, "म्हंजे मासा तोच, पाटी निराली?"

मी हो म्हटलं.

"आनि यो मेला माज्या पापलेटाचे कल्ले उचलून बघतंय."

त्याच संध्याकाळी ती डॉक्टरांसमोर बसली. चिठ्ठी लिहायला त्यांनी पेन उचललं, तर हिने त्यांच्या कागदावर हात ठेवला. नर्स दचकली. आत्या म्हणाली, "नाव नको. आतला माल लिव. मना रोज खायची हाय."

डॉक्टर हसले, मी पुढे केलेलं उर्मिलाकाकींचं पाकीट उलटसुलट बघून चालेल म्हणाले, आणि तसं लिहून दिलं. वर म्हणाले, परवडत नाही तर आधी सांगायचं ना. एकाने म्हणायचं आधी विचारायचं, दुसऱ्याने म्हणायचं आधी सांगायचं. शहाणी माणसं आहेत, त्यांचं बरोबरच असणार.

आत्या रोज गोळी घेऊ लागली. मासळी खपो न खपो. ऑक्टोबरच्या उन्हात बोंबील वाळत गेले तशी जखमही सुकत गेली. दिवाळीच्या आधी डॉक्टरांनी अंगठा दाबून बघितला, अगदी झा शेठ पापलेट दाबतात तसा, आणि म्हणाले, राहील.

आळीत आत्याने सांगितलं की एकवीरा पावली. बाजारात सांगितलं, डॉक्टरच्या हाताला गुन हाय. बाबांनी आपल्या मेथीचं नाव पुढे केलं. माझं नाव यादीत कुठेच नव्हतं, पण रविवारी पाटी माझ्याच डोक्यावर होती. बसमधून उतरून आम्ही बाजाराकडे निघालो. आत्या दोन्ही पाय नीट टेकवत पुढे चालली होती, आणि मला ओरडत होती की पाय उचल, गिऱ्हाईक निघून जाईल.