रविवारचा भत्ता

"कडी निघाली, आता पुढचं तुम्ही बघा," असं ताईंना म्हणत प्लंबर बाजूला झाला.

आत एकटे राहणारे मास्तर न्हाणीघरात घसरून पडले होते. ताईंनी आधी नळ बंद केला, मास्तरांच्या अंगावर चादर टाकली आणि रुग्णवाहिका येईपर्यंत त्यांना बोलतं ठेवलं. घरं भाड्याने देणाऱ्या त्या संस्थेत ताई एकोणीस वर्षं म्हाताऱ्या भाडेकरूंची देखभाल करत होत्या.

रुग्णवाहिका गेली तसा प्लंबर जिन्यात बसून कसलासा फॉर्म भरू लागला.

"हे काय?"

"सुट्टीच्या दिवशी बोलावलं की भत्ता मिळतो ना. तुम्ही नाही भरत?"

ताईंनी असा फॉर्म कधी पाहिलाच नव्हता. प्लंबर ओशाळला. "मी दहा मिनिटं होतो, तुम्ही दोन तास. मला वाटायचं, तुम्हाला जास्तच मिळत असेल."

सोमवारी ताई तडक साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या.

"तो भत्ता तांत्रिक विभागाचा," साहेब समजावणीच्या सुरात म्हणाले. "तुमचं काम मायेचं, ताई. त्याचं मोल कसं करणार?"

"माया मी घरी करते, साहेब. इथे नोकरी करते. तांत्रिक विभागात सगळे पुरुष, आमच्यात सगळ्या बायका. रविवार मात्र दोघांचाही जातो." भाडेकरू अडीअडचणीला ज्यावर फोन करत, तो संस्थेचा फोन त्यांनी टेबलावर ठेवला. "भत्ता नसेल तर सुट्टीच्या दिवशी हा तुम्ही सांभाळा."

साहेब हसले. तीन रविवार फोन सांभाळल्यावर त्यांचं हसू मावळलं. महिनाअखेरीस पत्र निघालं: या महिन्यापासून सगळ्या सेविकांना भत्ता लागू. मागच्या वर्षांबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं.

"ते भांडण पुढच्या महिन्यात," ताई प्लंबरला म्हणाल्या.

दुपारी त्या पत्र घेऊन तिसऱ्या मजल्यावरच्या मावशींकडे गेल्या. ताईंच्या आधी हेच काम करून मावशी निवृत्त झाल्या होत्या आणि आता संस्थेच्याच एका खोलीत भाड्याने राहत होत्या. त्यांनी चष्मा लावून पत्र दोनदा वाचलं.

"सव्वीस वर्षं केलं गं मी हे. पण विचारावं, असं कधी डोक्यातच आलं नाही."

ताई उठल्या आणि त्यांनी पत्रासाठी हात पुढे केला.

मावशींनी पत्राची घडी घालून ते उशाशी ठेवलं. "आजचा दिवस राहू दे माझ्याकडे," त्या म्हणाल्या.