लाभानंदांचे तीन दरबार

सोमवारी पंचवटीतल्या त्या मंगल कार्यालयात चपला काढायलाही जागा नसे. निफाडकडची माणसं सकाळच्या एस.टी.ने येत. मधोमध लाभानंद महाराज, अंगावर रेशमी उपरणं, समोर तांदळाच्या तीन राशी. एकेका राशीला एकेका म्युच्युअल फंडाचं नाव. महाराज डोळे मिटत, घशातून गुरगुर काढत आणि एका राशीवर फूल टाकत. "लक्ष्मी इथं बसली."

आणि वर्षभरात तोच फंड उरलेल्या दोन्हींच्या पुढे गेला. निफाडकरांनी महाराजांची पेढेतुला केली. एकोणनव्वद साल होतं. नवनवे फंड निघत होते, त्यांची माहिती वाचण्यापेक्षा नमस्कार सोपा होता.

सिंधूचे वडील रंगनाथ गेले त्याच आठवड्यात निफाडचा पुंजाराममामा तिच्या आईला, झुंबरबाईंना, म्हणाला, "आक्का, दाजींच्या नोकरीचे पैसे महाराजांच्या पायाशी ठेव. ते लावतील बरोबर. लय पोचलेला माणूस हाय."

झुंबरबाईंनी मान डोलावली. दहावा उरकला की जायचं ठरलं. सिंधूने विरोध केला तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "तुझे बाबा असते तर मी कुणाला विचारायला गेले असते का?"



दहाव्याला गंगेवर, गोदावरीच्या घाटावर, पिंडाला कावळा शिवेना. सगळे लांब जाऊन उभे राहिले. नुसतं उभं राहवेना, म्हणून मामाने महाराजांचा विषय काढला. रंगनाथांचे चुलतभाऊ, दिंडोरीचे सावळीरामकाका, फसकन हसले.

"त्या भोंदूचं काय सांगता पाव्हणं? आम्हाला दिलेला फंड पार बसला. विचारायला गेलो, तर म्हणतो, तुमच्या घरात श्रद्धा कमी हे."

"बसला? कसा बसंल? सोमवारी तर—"

"सोमवार तुमचा. आम्हाला गुरुवारी बोलावतो. ही माझी मेहुणी सिन्नरची, त्यांचा शनिवार. त्यांना तिसरंच नाव दिलं."

कावळ्याकडे आता कुणाचंच लक्ष नव्हतं. महाराजांनी सगळं जमवलं होतं. फक्त तीन तालुक्यांची माणसं दहाव्याला एका घाटावर उभी राहतात, हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

सिंधू शांतपणे म्हणाली, "मामा, तीन राशी, तीन वार, तीन नावं. एक पुढे जाणारच. ज्यांचा गेला ते पेढे घेऊन येतात. बाकीचे लाजून घरी बसतात. सोमवारच्या गर्दीत गुरुवारचा माणूस तुम्हाला दिसणार कसा?"

झुंबरबाई ऐकत होत्या.

सोमवारी त्या सिंधू, पुंजाराममामा आणि सावळीरामकाकांना घेऊन दरबारात गेल्या. महाराजांनी पैशांच्या पिशवीकडे पाहून हात पुढे केला.

"महाराज, गुरुवारी फूल कुठल्या राशीवर टाकलं होतं?" झुंबरबाईंनी विचारलं.

महाराजांनी हात मागे घेतला. "माई, लक्ष्मी चंचल. वाराप्रमाणे आसन बदलते."

"मग आमच्याच वारी बरी रुसते," सावळीरामकाका म्हणाले. मागच्या रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. पुंजाराममामा खाली मान घालून चपला शोधायला लागला.

परतताना झुंबरबाईंनी विचारलं, "मग निवडायचं कसं गं?"

"आधी घरखर्चाचे आणि दुखण्याखुपण्याचे पैसे पोस्टात. उरलेले वर्षानुवर्षं हात न लावता ठेवता येणार असतील तरच फंडाचा विचार. तो पैसे कशात घालतो, चालवणारे कोण, स्वतःसाठी किती कापून घेतात, हे बघायचं. आणि सगळे एकाच ठिकाणी ठेवायचे नाहीत."

"पण पुढं कुठला जाईल?"

"ते कुणालाच ठाऊक नसतं, आई. गेल्या वर्षी पुढे होता म्हणून तो पुढेही राहील असं नाही. ठाऊक आहे म्हणणारा भेटला, तर तू आज विचारलंस तसंच त्याला विचारायचं. ज्यांचं चुकलं, ती माणसं कुठे आहेत?"

झुंबरबाईंनी पिशवी काखेत घट्ट धरली आणि पोस्टाचा रस्ता धरला.