आरोहीशी कट्टी

भांडणं कशी मिटवावीत हे शिकवायला नाशिकहून माणूस येणार म्हटल्यावर पाड्यावरच्या शाळेची जरा पंचाईतच झाली. कारण शाळेत भांडणंच उरली नव्हती. भात झोडून झालं, दिवाळी सरली, की पेठच्या डोंगरातली घरंच्या घरं द्राक्षबागांवर कामाला जातात, ती शिमग्याला परततात. त्यांच्यासोबत पोरं जातात आणि पोरांसोबत भांडणंही. सातवीत आता जेमतेम पाचजण बसायचे. एवढ्याशा जगात भांडण कुणालाच परवडत नव्हतं. आज एकाशी बिनसलं, तर उद्या लंगडीला माणूस आणायचा कुठून?

एक भांडण मात्र होतं. ते तृप्तीचं होतं, आणि त्यातली दुसरी भांडणारी पिंपळगावकडच्या कुठल्याशा बागेवर होती.

त्याचं असं झालं. तृप्तीची आजी आक्काबाई आरोहीच्या आईला म्हणाली होती, "राहू दे पोरीला माझ्यापाशी. एकीला नागलीची भाकर थापते, तिथं दोघींना थापीन. तिची शाळा तरी बुडायची नाय." आरोही हो म्हणाली. दोघींनी गोधडी कुठं अंथरायची, भिंतीकडं कुणी झोपायचं, हेही ठरवून टाकलं. आणि मुकादमाची जीप आली, तर आरोही कडेवर धाकट्या भावाला घेऊन आत बसलेली! आईचे हात बागेत गुंतणार, मग बाळाला कोण बघणार? हे तृप्तीला कळत होतं. पण कळलं म्हणून राग जातो, असं थोडंच आहे? जीपमागं धावत तिनं करंगळी वर केली. आरोहीनं बाळाखाली अडकलेला हात कसाबसा सोडवला आणि आपलीही करंगळी दाखवली. कट्टी रीतसर झाली.

तेव्हापासून तृप्ती वर्गात बस्कराच्या एका कडेला बसायची आणि उरलेल्या अर्ध्यावर दप्तर ठेवायची. ओढ्यात खेकडा सापडला तरी त्यात मजा नव्हती. हातात धरून कुणाच्या अंगावर जायचं? सांगण्यासारखं इतकं साठलं होतं, की कधीकधी ती म्हशीला सांगायची. म्हैस ऐकायची, पण मधेमधे "खोटं नको बोलू" म्हणायची नाही. तृप्तीला आरोही परत हवी होती. एवढंच. बाकी तिला काही नको होतं.

आणि नाशिकच्या एका संस्थेचे रविराज सर आले. उत्साही होते. इतके, की घाट चढून आल्यावरही शर्ट पँटीत खोचलेलाच होता. त्यांनी पिशवीतून नदीतला गुळगुळीत गोटा काढला.

"हा बोलका दगड! ज्याच्या हातात हा दगड, त्यानं बोलायचं. बाकीच्यांनी ऐकायचं."

वर्गाच्या सुवर्णा मॅडमचा चेहरा उतरला. नोकरीला लागल्यापासून त्या पोरांच्या हातातले दगड काढून घेत आल्या होत्या.

"सर," चंदर म्हणाला, "हातात दगड असला की समदेच ऐकतात. त्यात शिकायचं काय?"

सर हसले आणि पुढं सरकले. याचं त्यांना प्रशिक्षण मिळालेलं होतं.

"आता मला सांगा, तुमच्यात कुणाचं खरोखरचं भांडण आहे?"

चार बोटं तृप्तीकडं वळली. मग नाटक ठरलं. चंदर आरोही झाला. त्यानं बाळ म्हणून कडेवर दप्तर घेतलं आणि लागलीच त्याला चापटही मारली.

"तृप्ती, हिच्याशी थेट बोल. 'मला असं वाटलं' म्हणून सुरुवात कर," सर म्हणाले.

"पण ह्याच्याशी माझी कट्टी नाय, सर."

"समज ना, ही आरोही आहे."

तृप्तीनं चंदरला वरून खाली न्याहाळलं. "आरोही एवढी शेंबडी नाय."

वर्ग खिदळला. चंदरनं बाहीनं नाक पुसलं आणि भूमिका सोडली. पण रविराज सरही जिद्दीचे. "तिला फोनच लावू या की!" ते म्हणाले. मॅडमकडं आरोहीच्या बाबांचा नंबर होता. शाळेत मोबाइलची रेंज एकाच जागी यायची, ती म्हणजे झेंड्याच्या ओट्यावर. तिथं चपला काढून चढायचं असा नियम. त्यामुळं या शाळेतले सगळे फोन अनवाणी आणि जरासे सावधानमध्येच होत.

फोन लागला. सरांनी आरोहीच्या बाबांना, मग आरोहीला सगळं समजावलं आणि स्पीकर चालू केला. पलीकडं ट्रॅक्टर धडधडत होता.

"बोल की," सर म्हणाले.

कट्टीत असं बोलता येत नाही, हे सरांच्या संस्थेला ठाऊक नसावं. मधे माणूस लागतो. तृप्तीनं सरांकडं पाहिलं. "सर, तिला सांगा, तिची शेळी व्याली."

"अगं, तिला ऐकू जातंय."

"तुम्ही सांगा."

सरांनी सांगितलं. मधला माणूस न घालता बोलावं कसं, हे शिकवायलाच ते आले होते.

"सर, तिला इचारा, किती झाली," फोनमधून आवाज आला. तोच. किंचित बसलेला.

"दोन. एकाचे कान पांढरे हायेत, सांगा."

"तिला सांगा, हितल्या शाळेत मी एकदाच गेले. बाळ रडाय लागलं."

"तिला सांगा, खेकडे लय झालेत ओढ्याला."

"तिला इचारा, माझ्या जागेवर कोण बसतं."

तृप्ती म्हणाली, "सांगा, दप्तर बसतं."

सर इमानदारीनं इकडचं तिकडं करत राहिले. बागेवर कुणीतरी कुणाला तरी हाक मारत होतं.

"तिला इचारा," तृप्ती म्हणाली, "शिमग्याला येणार ना?"

पलीकडं बाळ किरकिरलं. मग आरोही म्हणाली, "सर, तिला सांगा, बाबा नाशकात अंबडला कंपनीत काम बघतोय. जमलं तर तिकडंच खोली घ्यायची म्हणतो."

सरांनी हे मात्र सांगितलं नाही. सांगायची गरजच नव्हती. त्यांनी फोन हलकेच तृप्तीच्या हातात दिला. "आता मधे मी नको. बट्टी म्हण. मन मोकळं कर. बघ, किती हलकं वाटेल."

तृप्तीनं फोन दोन्ही हातांनी धरला. बट्टी अगदी ओठावर आली होती. म्हणून टाकावं, मग सगळंच बोलता येईल. म्हशीला सांगितलेलं सगळं. पण नंतर? बट्टी झाली की आरोही मोकळी. अंबडला खोली, खोलीजवळ शाळा, शाळेत कुणीतरी शेजारी बसणारी. शेळी काय, बाबा विकून टाकील. मग या डोंगरात तिचं काय राहिलं? कशासाठी येईल ती घाट चढून?

तिनं फोन सरांना परत दिला.

"सर, तिला सांगा, फोनवर बट्टी नाय होत. बोटाला बोट लागाय पायजे. हितं यावं लागंल."

रविराज सरांनी मॅडमकडं पाहिलं. मॅडम ओट्याच्या कडेला निसटलेली फरशी बघत होत्या. सरांनी निरोप जसाच्या तसा सांगितला, फक्त जरा हळू आवाजात.

पलीकडचा ट्रॅक्टर बंद झाला.

"सर, तिला सांगा," आरोही म्हणाली, "मग माझी बी कट्टी हाय. पक्की."

तृप्तीला ते स्वच्छ ऐकू आलं होतं. तरी ती सरांच्या तोंडाकडं बघत उभी राहिली.

"तिचीही कट्टी आहे," सर म्हणाले. "पक्की."