गुडघ्यांचा किस्सा

तरुण पोरं चर्चला येत नाहीत ही रड बहुतेक धर्मगुरूंची असते. या फादरांची नव्हती. शनिवारी संध्याकाळी चर्चमागचा हॉल पोरापोरींनी इतका भरायचा, की खुर्च्या कमी पडून मागची मंडळी टेबल टेनिसच्या टेबलावर चढून बसायची. फादर पन्नाशी ओलांडलेले, पोट थोडं सुटलेलं, पण माइक हातात आला की विशीतल्या पोराला लाजवतील. नकला करायचे, स्वतःच्या टकलावर विनोद करायचे आणि मधूनच प्रभूची एखादी शिकवण अशी सरकवायचे, की औषध पोटात गेल्याचा पोरांना पत्ताच लागू नये. पोरं त्यांना 'धमाल फादर' म्हणत. ते त्यांच्या कानावर होतं आणि त्यांना आवडतही होतं. बिशपांनी तर आजूबाजूच्या सगळ्या धर्मगुरूंना सांगून टाकलं होतं, की तरुणांना जवळ कसं आणायचं ते यांच्याकडून शिका.

आता माणूस एकदा हशाला चटावला, की त्याला दर शनिवारी ताजा माल लागतो. कुठून आणायचा? घरात जे हाताला लागेल ते तो विकायला काढतो. फादरांचंही तसंच झालं, फक्त त्यांनी जे विकलं ते त्यांच्या घरातलं नव्हतं.

चर्चचे झगे आणि वेदीवरची कापडं ज्या शिंप्याकडे दुरुस्तीला जात, त्याची धाकटी मुलगी बारावीला होती. बापानं उसवलेलं शिवायचं आणि हिनं इस्त्री करून पोचवायचं, अशी वाटणी. दर गुरुवारी दुपारी ती वेदीमागच्या खोलीत यायची. मिस्सेच्या, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेच्या आधी फादर जिथे झगा चढवतात ती ही खोली. कपाटात घड्या लावून झाल्या, की रिकाम्या चर्चमध्ये जाऊन एका बाजूच्या बाकापाशी गुडघे टेकून बसायची. हातात पुस्तक नाही, माळ नाही. फादर जाता-येता बघायचे, त्यांना बरं वाटायचं आणि ते फोनवर बोलत पुढे जायचे.

एका गुरुवारी ती परत खोलीत आली. फादर शनिवारच्या खेळासाठी फुगे मोजत बसले होते. ती दाराशी उभी राहिली, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत, आणि म्हणाली, "फादर, एक विचारू? गुडघे टेकले की मला काही बोलायला सुचत नाही. प्रार्थना पाठ आहेत, पण त्या म्हणाव्याशा वाटत नाहीत. आणि उठावंसंही वाटत नाही. हे चालतं का?"

फादरांच्या हातातला फुगा हातातच राहिला. खरं सांगायचं तर त्यांची तारांबळ उडाली. असा प्रश्न त्यांना कुणी विचारून युगं लोटली होती. उत्तर कुठेतरी होतं, सेमिनरीत धर्मगुरू व्हायला शिकत होते त्या दिवसांत कधीतरी ते त्यांना नुसतं माहीतच नव्हे तर अनुभवाचं होतं, पण आता आत हात घातला तर तळाशी काहीच लागेना. पोरगी वाट बघत होती. तिच्या त्या सरळ नजरेसमोर त्यांना उघडं पडल्यासारखं झालं, आणि उघडं पडलं की जे पांघरूण ते नेहमी ओढत तेच त्यांनी ओढलं.

"अगं, उठवत नसेल तर ती भक्ती नव्हे, संधिवात असेल," ते म्हणाले. "डॉक्टरला दाखव."

ती हसली. हसायला हवं म्हणून हसली. "हो फादर," म्हणाली आणि रिकामी पिशवी घेऊन गेली. फादर पुन्हा फुगे मोजू लागले.

इथवर झालं असतं तर निभावलं असतं. पण शनिवारी हॉल जरा थंड होता, दोन विनोद पडले, आणि फादरांनी गुडघ्यांचा किस्सा काढला. नाव घेतलं नाही. फक्त ओढणीचं टोक बोटाला गुंडाळण्याची नक्कल केली, आवाज बारीक केला, 'आणि उठावंसंही वाटत नाही' म्हणून थोडं थांबले, आणि मग संधिवात. वर गुडघे धरून लंगडत स्टेजभर चालून दाखवलं. हॉल कोसळायचा बाकी राहिला. गुरुवारी कोण गुडघे टेकून बसतं हे येता-जाता बघून सगळ्या पोरांना माहीत होतं. ती चौथ्या रांगेत होती, तीही हसत होती. फादरांनी ते पाहिलं आणि मनाचं समाधान करून घेतलं, की बघा, पोरगी खिलाडू आहे.

त्यानंतर कापडं पोचवायला शिंपी स्वतः येऊ लागला. पहिल्या खेपेला फादरांनी विचारलं नाही, दुसऱ्यांदा विचारलं, तर शिंपी म्हणाला, अभ्यास आहे. पुढच्या खेपेला मात्र त्यानं घड्या कपाटात ठेवल्या, दार लावलं आणि टोपी हातात घेऊन उभा राहिला. धाकटी दृढीकरण घ्यायला नको म्हणते, असं त्यानं सांगितलं. लहानपणी आईबापांनी तिच्या वतीनं दिलेला शब्द आता तिनं मोठेपणी स्वतःच्या तोंडानं द्यायचा, वर्षभर त्याची तयारी केलेली, बिशप येणार, आणि ही नाही म्हणते. पोरं तिला रस्त्यात 'संधिवात' म्हणून हाक मारतात, हेही त्यानं सांगितलं, पण तक्रारीच्या सुरात नाही.

"त्याचं एवढं नाही फादर," शिंपी म्हणाला. "पोरं चार दिवस चिडवतील, विसरतील. पण ती आता घरीसुद्धा हसते. आम्ही जेवणाआधी प्रार्थनेला बसलो की आधी तीच काहीतरी थट्टा करते. दुसऱ्यानं करायच्या आत आपणच करून टाकायची, असं. पूर्वी नव्हती हो ती अशी."

फादर कपाट उघडून नीट लावलेल्या घड्या पुन्हा लावू लागले. या वेळी विनोदही सुचला नाही.

खाई त्याला खवखवे म्हणतात. दोन दिवस फादरांना अन्न गोड लागेना. धर्मशिक्षणाचा वर्ग घेणाऱ्या सिस्टरकडे त्यांनी विषय काढला, तोही वकिली थाटात. पापनिवेदनात ऐकलेलं असतं तर गोष्ट वेगळी, ते म्हणाले. ते गुपित आपण मरेपर्यंत पाळलंच असतं. पण ती तर नुसती कापडं ठेवायला आली होती, उभ्या उभ्या बोलली, मग नियम कुठला मोडला? सिस्टर साठीच्या, जिभेनं कात्री. वह्या तपासता तपासता त्या म्हणाल्या, "पापनिवेदनाची खोली लाकडाची असते फादर. पोरींना लाकूड कळत नाही, माणूस कळतो. तिनं तुम्हाला माणूस समजून सांगितलं." मग वही मिटून त्यांनी एवढंच विचारलं, की माफी मागायला जाणार असाल तर ती तिच्यासाठी मागणार की स्वतःची झोप परत मिळावी म्हणून?

फादर गेले. शिंप्याचं दुकान म्हणजे एक लांबट खोली, दोन शिलाई यंत्रं, भिंतीवर खुंट्यांना अर्धेमुर्धे कोट, जमिनीवर चिंध्या. बाप गिऱ्हाइकाचं माप घ्यायला गेला होता. धाकटी यंत्रावर बसून एका पँटची खालची दुमड उसवत होती. फादर दारात उभे राहिले आणि, काय सांगावं, सुंभ जळला तरी पीळ जात नाही. तोंडातून निघालं, "काय, डॉक्टरला दाखवलंस का?"

तिनं मान वर केली, भुवई उडवली, ओठ एका बाजूला ओढले. "दाखवलं ना फादर. ते म्हणाले, चर्च बंद करा, आठवड्यात फरक पडेल."

उत्तर झकास होतं. हॉलमध्ये टाळ्या पडल्या असत्या. पण ती भुवई, ते ओठ, तो शेवटच्या शब्दाआधीचा अर्धा क्षण, सगळं फादरांचं स्वतःचं होतं. जे त्यांनी तिच्याकडून उचललं त्याच्या जागी त्यांनी आपली ही लकब ठेवली होती. फादरांना तिथल्या तिथे रडू येईल असं वाटलं. ते स्टुलावर बसले.

"मी तुझा प्रश्न विकला," ते म्हणाले. "मला उत्तर येत नव्हतं म्हणून. चुकलो मी."

यंत्र थांबलेलंच होतं. तिनं पँट मांडीवर ठेवली. "तुम्ही गुडघे टेकता तेव्हा काय म्हणता?" तिनं विचारलं.

"मिस्सेत टेकतो तेवढंच. एरवी टेकून खूप वर्षं झाली."

तिनं सुई पिनांच्या उशीत खोचली. आवाजातला तो उसना खट्याळपणा गेला. "येईन मी बिशपांसमोर," ती म्हणाली. "आईलाही फार लागलंय. पण तो किस्सा पुन्हा नको. त्या दिवशी तर नकोच."

"माझ्या तोंडून पुन्हा कधीच निघणार नाही," फादरांनी शब्द दिला आणि रस्त्यावर आल्यावर ते मध्येच थांबले. कारण किस्सा आता त्यांच्या एकट्याच्या तोंडात उरलाच नव्हता. धर्मगुरूंच्या बैठकीत जेवणाच्या टेबलावर त्यांनीच तो रंगवून सांगितला होता. दोघांनी तो आपापल्या प्रवचनात घातल्याचं कौतुकानं कळवलंही होतं. हे तिला सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. त्या दोघांना फोन करून थांबवायला हवं होतं, बिशपांच्या कानावर घालायला हवं होतं. पण मग का थांबवायचं ते सांगावं लागलं असतं, आणि धमाल फादरांची जी काही पत होती ती गेली असती. उद्या करू, परवा करू, असं म्हणत दिवस गेले. माणूस देवाचा असो नाहीतर दुकानाचा, पत त्याला पोटच्या पोरासारखी प्यारी असते.

दृढीकरणाच्या दिवशी चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. दृढीकरणासाठी ज्यांच्या कपाळाला बिशप तेल लावणार ती मुलंमुली पुढच्या बाकांवर, त्यांच्यात शिंप्याची धाकटी, तिच्यामागे तिच्या शब्दाला साक्षी राहणारी धर्ममाता म्हणून सिस्टर. बिशप प्रवचनाला उभे राहिले. तरुणांशी त्यांच्या भाषेत बोललं पाहिजे, ते म्हणाले, आणि तुमचे फादर यात उस्ताद आहेत. मला परवाच कुणीतरी त्यांचा एक किस्सा सांगितला.

फादर वेदीच्या बाजूच्या खुर्चीत होते. किस्सा त्यांनीच घडवलेला, त्यातला प्रत्येक वळसा त्यांना पाठ. एक मुलगी फादरांकडे आली. म्हणाली, गुडघे टेकले की मला काही सुचत नाही. मागच्या बाकांवर खसखस सुरू झाली. आणि उठावंसंही वाटत नाही, बिशप म्हणाले, आणि नेमके तिथेच थांबले, जिथे फादर थांबत असत.

फादर उठले. "बिशपसाहेब, पुढचं मी सांगतो."

बिशपांना वाटलं, वा, मूळ कलाकारच आला. त्यांनी हसत माइक पुढे केला. अख्खं चर्च हसायच्या तयारीत बसलं.

"त्या मुलीला फादरांनी उत्तर दिलं नाही," फादर म्हणाले. "कारण त्यांना ते येत नव्हतं. ती देवाजवळ बसली होती आणि तिला उठावंसं वाटत नव्हतं. एवढी खरी गोष्ट फादरांना बऱ्याच वर्षांत कुणी सांगितली नव्हती. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं, ते मी मागून चिकटवलं. तुम्ही हसलात त्यात तुमचा दोष नाही. माझा आहे."

दोघातिघांना वाटलं हाही विनोदच, ते हसले आणि गप्प झाले. पुढच्या बाकांकडे बघायची फादरांना अनावर इच्छा झाली. ती उठून गेली का, रडते आहे का, निदान त्यांच्याकडे बघते आहे का. पण ते बघतील तिकडे सगळं चर्च बघेल, हे त्यांना आता कळत होतं. त्यांनी माइक परत दिला आणि नजर फरशीवर ठेवून खुर्चीत बसले.

तेल लावताना वाटी फादरांच्या हातात होती. मान खालीच. एकेक जोडी बूट, सँडल, चपला समोर येत, बिशप कपाळावर तेलाचा क्रूस करत, मूल 'आमेन' म्हणे आणि पुढची जोडी येई. यातले तिचे पाय कुठले हे त्यांना ओळखता येईना. बोटाला ओढणी गुंडाळण्याची नक्कल त्यांनी हुबेहूब केली होती, पण ती पायात काय घालते हे त्यांनी कधी पाहिलेलंच नव्हतं. शेवटी आवाजावरून कळलं. 'आमेन' अगदी साधं होतं, पुढेमागे हसू नव्हतं.

नंतर झगा उतरवताना बिशप एवढंच म्हणाले, की हे मला आधी सांगायला हवं होतंत. फादर हो म्हणाले, कारण ते खरंच होतं.

गुरुवारी ती कापडं घेऊन आली. घड्या लावल्या, जाऊन गुडघे टेकून बसली, आणि पुढच्या गुरुवारीही बसली. मनात काही आलं तर ते ती सिस्टरना विचारते हे फादरांना सिस्टरकडूनच कळलं. त्यांनी मनाशी म्हटलं, चांगलं आहे, योग्य माणसाला विचारते. शनिवारचा हॉल आता थोडा कमी भरायचा. गुरुवारी फादर फोन खोलीत ठेवून जात आणि रिकाम्या चर्चमध्ये अगदी मागच्या बाकाशी गुडघे टेकत. काही सुचत नसे. बऱ्याचदा उठावंसं मात्र वाटे.

असेच एका दुपारी ते आपल्या खोलीत काही लिहीत असताना दारात पावलं थांबली. "फादर," ती म्हणाली.

त्यांनी लेखणी खाली ठेवली आणि खुर्ची तिच्याकडे वळवली. या वेळी ते कितीही वेळ थांबणार होते. उत्तर आलं नाही तर येत नाही म्हणणार होते. तिनं त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, क्षणभर काहीतरी ओठांवर आल्यासारखं झालं.

"कपाटाची किल्ली हवी होती," ती म्हणाली.

त्यांनी किल्ली काढून दिली. तिनं ती घेतली आणि "थँक्यू फादर" म्हणाली, अगदी नीट, परक्या माणसाला म्हणतात तसं.