सातला दोन वाजवणारं भूत

सकाळचे सात वाजले की जावा बेटावरच्या सोलो शहरातल्या आमच्या गल्लीत पाय ठेवायला जागा नसायची. सगळी गर्दी रात्मीच्या दुकानापुढे. रात्मी माझी धाकटी बहीण. कॉलेजच्या पोरांचे कागद टाईप करून छापून देते, त्यावर तिची चूल पेटते. तिने कॉम्प्युटर सुरू केला की पडद्यावरचं घड्याळ दुपारचे दोन दाखवायचं. रोज. आणि तिचा नवरा गियार्तो महिन्यापूर्वी गेला, तोही दुपारी दोनलाच.

मांत्रिक म्बाह त्रुनोने डोळे मिटून सांगितलं, आत्मा यंत्रात बसलाय, मृत्यूच्या चाळिसाव्या दिवशी यंत्र नदीत सोडा. तोवर आत्म्याला रोज कोंबडी आणि लवंगेच्या सिगारेटी. आत्मा सिगारेट ओढायचा, धूर तेवढा त्रुनोच्या नाकातून निघायचा.

"यंत्र बुडवलं तर मी खाऊ काय, म्बाक्यू?" रात्मीने मला, तिच्या ताईला, विचारलं.

मी तीन इयत्ता शिकलेली. पण मला एक कळेना: ही रोज सातलाच उघडते, दुसऱ्या वेळी उघडलं तरी दोनच वाजतील का? म्हटलं, उद्या नऊला उघड.

एकोणचाळिसाव्या दिवशी नऊला उघडलं. पडद्यावर चार.

"आज आत्मा उशिरा आला," त्रुनो म्हणाला.

"मग आमचा गियार्तो मेला कधी, बाबा? दोनला की चारला?"

गर्दीत कुणीतरी फिसकन हसलं.

पण सातचे दोन माझ्या ओळखीचे होते. माझी थोरली लेक लंडनला म्हाताऱ्यांची सेवा करते. हिवाळ्यात ती तिथल्या सकाळी सातला फोन लावते, तेव्हा इथे माझं जेवण होऊन दोन वाजलेले असतात. शाळेत कॉम्प्युटर शिकवणाऱ्या वेनिंगबाईंना बोलावलं. म्हटलं, बघा, हे यंत्र लंडनला तर जाऊन बसलं नाही?

बाई हसल्या. गियार्तो गेल्यावर रात्मीच्या दिराने यंत्र चालवणारी जुनी प्रणाली तशीच ठेवून शेजारी नवीही बसवली होती. आतलं घड्याळ दोघींना मिळून एकच. जुनी त्यात सोलोची वेळ ठेवते. नवीला वाटतं ती लंडनची, म्हणून ती वर सात तास चढवते. इंटरनेट असतं तर चूक आपोआप सुधारली असती, पण दुकानात ते नव्हतंच. बाईंनी नवीला बजावलं: आतली वेळ इथलीच धर. पुन्हा सुरू केलं. भिंतीवर दहा, पडद्यावर दहा.

चाळिसाव्याला गियार्तोसाठी भात शिजवला, दुवा मागितली. त्रुनोही जेवायला हजर.

"बसा," मी म्हटलं, "तुमचं ताट दोनला."

मेलेल्यांसाठी रडा, चार माणसं जेवू घाला. पण कुणाचं पोट नदीत सोडण्याआधी एकदा दोन तास उशिरा उघडून बघा. त्याला शाळा लागत नाही.