चार फालतू प्रथिनं

सरांना लांबलचक काही खपत नसे, स्वतःचं भाषण सोडून. म्हणून प्रयोगशाळेतल्या सर्वांत धाकट्या संशोधिकेने जिवाणूच्या एन्झाइमचा आराखडा पुढे ठेवला, तेव्हा त्यांनी चार प्रथिनांच्या जनुकांवर सरळ पेन्सिल फिरवली.

"ही चार प्रथिनं काय करतात?"

"मदतनीस आहेत, सर. एन्झाइमच्या पोटात निकेल बसवतात आणि निघून जातात."

"शेवटी दिसतच नाहीत? मग पोसायची कशाला? काढ."

न दिसणाऱ्यांबद्दल सरांचं धोरण पक्कं होतं. दोन वर्षं राबून धाकटीचं नाव शोधनिबंधात आभारांच्या यादीत, कारण मधे तिने बाळंतपणाची रजा घेतली! लेखकांत नाव नाही, तर पुढची नोकरीही नाही.

तिने मदतनीस काढले. एन्झाइम चांगलं असेल तर चाचणीचं पिवळं पाणी गुलाबी होतं. ते पिवळंच राहिलं.

"निकेल कमी पडलं," म्हणत उंटावरच्या शहाण्याने स्वतःच्या हाताने ते ओतलं. सकाळी सगळे जिवाणू मेलेले. सुटं निकेल म्हणजे विषच. एक मदतनीस ते मुठीत धरून आणतो, बाकीचे एन्झाइमला धरून ठेवतात, तेव्हा कुठे ते जागेवर बसतं. घरी लेकीला औषधाचे चार थेंब पाजायला ती आणि सासूबाई अशाच दोघी लागत. सरांनी कधी कुणाला औषध पाजलं नसावं.

प्रयोग बघायला तपासणी समिती यायला अर्धा तास उरला, तसे सर धावत आले.

"ती मदतनीसवाली जिवाणूंची जुनी जात ठेवली आहेस ना?"

"कालच वाढवून ठेवलीय."

"अगं मग आण की!"

"आधी निबंध उघडा, सर. माझं नाव आभारांतून काढून लेखकांत घाला. आणि सगळ्या सहलेखकांना पाठवा."

"आत्ता? घर पेटलंय आणि तुला—"

"निकेल बसायला वेळ लागतो, सर. नाव बसायला नाही."

सरांनी दात-ओठ खात नाव घातलं, निबंध पाठवला. तिने बाटली आणली.

समितीसमोर पाणी हळूहळू गुलाबी झालं.

"मी पहिल्यापासून सांगत होतो," सर छाती फुगवून म्हणाले, "या चौघांशिवाय पान हलत नाही!"

धाकटीने आदराने मान डोलावली, आणि टेबलाखाली फोन धरून निबंध सगळ्यांना पोचलाय ना, ते पाहून घेतलं.